फॉयनाव्हन, 1967: एकास शंभर भावाचा घोडा ग्रँड नॅशनल कसा जिंकला?

प्रश्न थोडक्यात असा: 1967 च्या ग्रँड नॅशनलची, म्हणजे इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या घोडेशर्यतीची, चित्रफीत पाहिली. 23 व्या अडथळ्यावर सगळे घोडे एकमेकांवर आदळले आणि मागे पडलेला फॉयनाव्हन एकटाच निसटून जिंकला. भाव होता एकास शंभर. मग हा निव्वळ मटका होता का? बुकींचा अंदाज चुकला का? टोटने, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेने, एकास 444 कसे दिले? आणि आज असे पुन्हा घडू शकते का, म्हणजे अशा घोड्यावर पैसे लावण्यात काही अर्थ आहे का?

बुकी चुकले नव्हते आणि निकाल निव्वळ मटकाही नव्हता. ऐकायला हे परस्परविरोधी वाटते, पण तसे नाही. शर्यतीआधी त्या घोड्याची जी किंमत होती ती बरोबरच होती. 23 व्या अडथळ्यावर मात्र जे घडले त्याचा फायदा उठवायला लागणाऱ्या चार-पाच गोष्टी त्या क्षणी त्याच्याकडे होत्या आणि पुढच्या घोड्यांकडे नव्हत्या. त्या कोणत्या, हे समजून घ्यायचे तर आधी मैदान डोळ्यांसमोर आणावे लागेल.

लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) नावाच्या मैदानावर ही शर्यत होते. 1967 मध्ये पल्ला 4 मैल 856 यार्ड, म्हणजे सव्वासात किलोमीटरला थोडा कमी. मैदानाचे जवळपास दोन फेरे, एकूण 30 उड्या. अडथळे प्रत्यक्षात 16. त्यातले 14 दोनदा ओलांडायचे, द चेअर आणि पाण्याची उडी फक्त पहिल्या फेरीत. म्हणून एकाच अडथळ्याला दोन क्रमांक असतात: पहिल्या फेरीतला 7 वा तोच दुसऱ्या फेरीतला 23 वा. त्याच्या अलीकडे बीचर्स ब्रुक, जिथे उडी घेतल्यावर पलीकडची जमीन घोड्याच्या अपेक्षेपेक्षा खाली असते. त्याच्या पलीकडे कॅनॉल टर्न, जिथे उडी घेतल्या घेतल्या डावीकडे काटकोनात वळावे लागते. या दोन बदनाम अडथळ्यांच्या मध्ये हा 23 वा, उंची साडेचार फूट, म्हणजे 137 सेंटिमीटर. मैदानावरच्या सर्वांत बुटक्या अडथळ्यांपैकी एक. त्याच्यापुढे खंदक नाही की पलीकडे घसरण नाही. जॉकी तिथे घोड्याला दम घेऊ देतात आणि पुढच्या वळणासाठी जागा पकडायला लागतात. नेमका तिथेच घोळ झाला.

तारीख 8 एप्रिल 1967, धावणारे घोडे 44. पॉपहॅम डाउन नावाचा घोडा पहिल्याच अडथळ्यावर जॉकी गमावून बसला होता. पाठीवर माणूस नसलेला घोडा थांबत नाही, कळपाबरोबर पळत राहतो. पाठीवरचे ओझे गेल्यामुळे त्याला पुढे राहणेही सोपे जाते. बाकीचे उडी मारतात म्हणून तोही मारतो. पण ज्या क्षणी त्याला उडी नको वाटते, त्या क्षणी सरळ ठेवणारा लगाम कुणाच्याच हातात नसतो. पॉपहॅम डाउनने एक अख्खी फेरी आणि वर सहा उड्या सुखरूप केल्या, आणि 23 व्यासमोर आल्यावर उडी न मारता कुंपणाला समांतर, आडवा पळत सुटला. आघाडीवरच्या रदरफर्ड्सला त्याने अडवले, त्याचा जॉकी जॉनी लीच खाली आला, आणि मागून येणारे एकामागून एक त्या गर्दीत घुसले. काही घोडे थबकले आणि जॉकी मात्र एकटेच कुंपणापलीकडे गेले. काही घोडे वळून उलट दिशेने पळू लागले, त्यामुळे मागून येणाऱ्यांचीही वाट अडली. इथली कुंपणे स्प्रूसच्या फांद्यांनी भरलेली असतात. घोडे छातीने आदळले की ती भरण उसकटते आणि समोर नक्की किती उंच काय आहे हे घोड्याला कळेनासे होते. बिचकलेला घोडा मग अजूनच बिचकतो.

आता साधा हिशेब करा. फॉयनाव्हनने शर्यत 9 मिनिटे 49.6 सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सव्वाबारा मीटर. भरधाव घोड्याची एक टाप सहा ते सात मीटरची, म्हणजे सेकंदाला साधारण दोन टापा. साडेचार फुटांच्या कुंपणासाठी घोडा सुमारे दोन मीटर अलीकडून झेपावतो, पण त्या झेपेची तयारी शेवटच्या तीन-चार टापांत होते: जॉकी टापांचा मेळ घालतो, घोडा मागचे पाय पोटाखाली घेतो. समोर कुणी आडवे आले आणि दोनच टापा उरल्या असतील, तर जॉकीच्या हाती एक सेकंद असतो. एका सेकंदात पाचशे किलोचा घोडा वळत नाही. पुढच्या वीस-पंचवीस जणांना हा एकच सेकंद मिळाला.

फॉयनाव्हन पुढच्या घोळक्याच्या सुमारे शंभर यार्ड मागे होता. नव्वद मीटरला सव्वाबाराने भागले की सात सेकंद, वर थोडे. त्याचा जॉकी जॉन बकिंगहॅम याच्याकडे एकाऐवजी सात सेकंद होते, आणि या शर्यतीची किल्ली याच फरकात आहे. सात सेकंदांत माणूस समोरचे दृश्य वाचतो, वेग किती कमी करायचा ते ठरवतो, मोकळी जागा शोधतो आणि घोडा तिकडे नेतो. बकिंगहॅमने घोडा बाहेरच्या अंगाला घेतला आणि गर्दी टाळून पहिल्याच प्रयत्नात कुंपण ओलांडले.

इथे लोक म्हणतात, मागे होता म्हणून वाचला, यात त्याचे कर्तृत्व काय? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. मागे असलेला फॉयनाव्हन एकटाच नव्हता. फेव्हरिट हनी एन्ड, म्हणजे जॉकी जॉश गिफर्डचा घोडाही तेव्हा आघाडीवर नव्हता. मागून हल्ला चढवायचा बेत होता आणि तोही त्या गर्दीत सापडला. मागे असणे ही पहिली अट झाली. दुसरी अट म्हणजे घोडा वेग उतरल्यावरही उडी मारायला तयार असणे, आणि ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. अडथळ्यांच्या शर्यतीतला घोडा वेगाच्या आधाराने उडी मारतो. वेग गेला की त्याला नुसत्या मागच्या पायांच्या ताकदीवर उचलावे लागते, आणि समोर सोबती गडबडलेले दिसत असताना बहुतेक घोडे साफ नकार देतात. जॉकीने घाबरून रास मागे खेचली तर घोड्याला नकाराचा इशाराच मिळतो. पाय घट्ट लावून ठेवायचे, रास आखूड पण नरम, नजर कुंपणापलीकडे, आणि घोड्याला शेवटपर्यंत सरळ ठेवायचे, एवढेच करता येते. उरलेले घोड्याच्या स्वभावावर.

फॉयनाव्हनचा स्वभाव थंड. आयर्लंडमध्ये तो टॉम ड्रीपरच्या तबेल्यात होता, तेव्हाचा एक किस्सा सांगतात: एकदा पडल्यावर हा घोडा धडपडून उठण्याऐवजी पडल्या जागी गवत खात राहिला. शर्यतीच्या घोड्यात हा दुर्गुणच. चुरस नाही, ईर्षा नाही, म्हणून तर त्याला विकून टाकले. पण दंगल माजलेल्या कुंपणासमोर असा निर्विकार घोडा सोन्याच्या मोलाचा ठरतो. जो गुण त्याचा भाव एकास शंभर करत होता, त्यानेच त्या दिवशी त्याला पार नेले. सूझी नावाची एक पांढरी बकरी त्याची सोबतीण होती, हेही बहुतेकांना ठाऊक असते. गंमत म्हणून सांगितले जाते, पण तबेल्यांत ही जुनी, कामाची पद्धत आहे: प्रवासात किंवा नव्या जागी बिथरणारे घोडे बकरीची सोबत असली की खातात-पितात आणि रात्री उभ्याउभ्या घाम फोडत नाहीत.

तिसरी अट कुंपणाची. साडेचार फुटांचे, खंदक नसलेले कुंपण मनात आणले तर घोडा दुडक्या चालीवरूनही ओलांडू शकतो. हाच गोंधळ द चेअरवर झाला असता तर? तिथे उंची पाच फूट दोन इंच आणि अलीकडे सहा फुटांचा खंदक. थबकत आलेला घोडा तिथे खंदकाच्या काठावरच अडकतो, किंवा त्याहून वाईट, मधोमध उतरतो. म्हणजे दंगल मैदानावरच्या सर्वांत सोप्या कुंपणांपैकी एकावर झाली, म्हणूनच मंदावलेल्या घोड्याला तिथून वाट मिळाली. कॅनॉल टर्नवर असेच काही घडले की काय होते, ते 1928 मध्ये दिसले होते. त्याकडे पुढे येतो.

चौथी गोष्ट नंतरची, आणि तिचे श्रेय बकिंगहॅमला फार कमी दिले जाते. अडथळा ओलांडला तेव्हा अजून सात उड्या आणि मैलभराहून जास्त अंतर बाकी होते. शेवटच्या कुंपणापासून विजयरेषेपर्यंतच 494 यार्डांची सपाट धाव. एकटा पडलेला घोडा मंदावतो, कारण तो कळपाचा प्राणी आहे. पुढे पाठलाग करायला कुणी नाही आणि शेजारी कुणी नाही म्हटल्यावर तो कान हलवत इकडेतिकडे पाहू लागतो. बकिंगहॅमची ही पहिलीच ग्रँड नॅशनल होती. मागे वळून पाहत बसला असता किंवा घाबरून चाबूक उगारत सुटला असता, तर घोडा शेवटच्या तीन उड्यांआधीच रिकामा झाला असता. त्याने एकसारखी चाल ठेवली. आकडे बघा: आधीच्या वर्षी, 1966 ला, मऊ जमिनीवर अँग्लोने 9 मिनिटे 52.8 सेकंदांत शर्यत जिंकली होती. म्हणजे दंगलीत वेग कमी करूनही फॉयनाव्हनची वेळ आदल्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा सरस होती. पुढच्या वर्षीच्या विजेत्याने मात्र 9 मिनिटे 28.8 सेकंद घेतले, तेव्हा फार चढवूनही सांगायला नको.

मागून काय चालले होते? त्या काळी पडलेल्या जॉकीला पुन्हा घोड्यावर बसून शर्यत पुढे चालू ठेवता येत असे. अनेकांनी घोडे पकडले, वळवले, पुन्हा कुंपणावर नेले. शेवटी 18 घोड्यांनी शर्यत पूर्ण केली, त्यामुळे ‘सगळे पडले’ हे वाक्य चूकच आहे. हनी एन्ड 15 लेंग्थ मागे दुसरा आला. एक लेंग्थ, म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण 2.4 मीटर धरली तर 36 मीटर, म्हणजे तीन सेकंद. इतकेच अंतर उरले होते. घोडा थांबवणे, वळवणे, मागे नेऊन परत कुंपणावर आणणे यात वीस सेकंद सहज जातात आणि वीस सेकंद म्हणजे 245 मीटर, शंभर लेंग्थ. गिफर्डने त्यातले बरेचसे भरून काढले, म्हणजे चांगला घोडा कोणता होता याबद्दल वाद नको. तिसरा आला रेड अॅलिगेटर, ब्रायन फ्लेचरचा, ज्याने पुढच्याच वर्षी हीच शर्यत जिंकली. 9 मिनिटे 28.8 सेकंद ती त्याचीच वेळ. चौथा टेरी बिडलकोमचा ग्रीक स्कॉलर.

नियतीची एक खोडी सांगून पुढे जातो. पॉपहॅम डाउनवरून पहिल्या अडथळ्यावर जो जॉकी पडला तो मेसर गिफर्ड, म्हणजे जॉशचा सख्खा भाऊ. भावाच्या सुट्या घोड्याने भावाची शर्यत घालवली. जॉश जॉकी म्हणून ग्रँड नॅशनल कधीच जिंकला नाही. 1981 मध्ये आल्डानिटी या घोड्याचा ट्रेनर म्हणून जिंकला.

आता पैजेच्या भावाकडे. फॉयनाव्हनला काडीमोलाचा घोडा समजू नका. त्याचा बाप व्हल्गन. 1964 चा टीम स्पिरिट, 1967 चा फॉयनाव्हन आणि 1970 चा गे ट्रिप, असे तीन ग्रँड नॅशनल विजेते एकट्या व्हल्गनचे. घोडा आधी डचेस ऑफ वेस्टमिन्स्टर अॅन यांचा होता, म्हणजे त्या काळच्या नामांकित आर्कल या घोड्याच्या मालकिणीचा, आणि त्याच तबेल्यातला. दोघांचीही नावे स्कॉटलंडच्या सदरलँडमधल्या डोंगरांवरून. रक्त चांगले, पल्ला झेपणारा, पडण्याची खोड नाही, पण वेग नाही. डिसेंबर 1966 मध्ये ज्या किंग जॉर्ज चेसमध्ये आर्कलच्या पायाचे हाड मोडले, त्यात हा चौथा होता. मार्च 1967 च्या चेल्टनहॅम गोल्ड कपला तो एकास पाचशे भावाने धावला आणि भावाला साजेसाच आला.

हे दोन भाव शेजारी ठेवा. गोल्ड कपमध्ये मोजकेच घोडे आणि सगळे अव्वल, वजन बरोबरीचे. तिथे एकास पाचशे. ग्रँड नॅशनल हँडिकॅप आहे, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कच्च्यावर कमी. फॉयनाव्हनवर किमान वजन होते, 10 स्टोन, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. 44 घोड्यांत सगळे सारखे मानले तर प्रत्येकाची शक्यता 2.27 टक्के. एकास शंभर म्हणजे 101 त 1, जेमतेम 0.99 टक्के. बुकीचा नफा भावातच दडलेला असल्यामुळे सगळ्या घोड्यांच्या अशा टक्क्यांची बेरीज 100 च्या बरीच वर जाते. उदाहरणापुरती ती 140 धरली, तर खरी शक्यता 0.7 टक्क्यांवर येते. सरासरी घोड्याच्या तिसरा हिस्सा. ज्याच्याकडे वेग नाही पण दम आणि सुरक्षित उडी आहे, अशा घोड्याला चव्वेचाळिसांच्या गर्दीत ही किंमत मला अगदी योग्य वाटते. शक्यता कमी असलेली गोष्ट घडली म्हणून भाव चुकला असे होत नाही. एकास शंभरचे घोडे कधीच जिंकले नसते, तर मात्र भाव चुकीचे म्हणावे लागले असते.

टोटचे गणित वेगळे. बुकी भाव ठरवतो. टोट ठरवत नाही. टोटमध्ये विनवर (घोडा पहिला येण्यावर) लागलेले सगळे पैसे एका डब्यात जमा होतात, त्यातून कपात जाते, आणि उरलेले जिंकणाऱ्या घोड्याच्या तिकिटांवर वाटले जातात. त्या दिवशी एकास शंभर भावाचे आणखीही बरेच घोडे होते, कारण शंभरावर पोचल्यावर बुकी सहसा भाव वाढवत नाही. नगण्य घोड्यांतला फरक दाखवून त्याला मिळणार काही नसते, आणि एकास पाचशेवर एखाद्याने गंमत म्हणून लावलेली मोठी नोट त्याला बुडवू शकते. टोटला हे झाकण नसते. एकास 444 मिळाले याचा अर्थ, कपात उदाहरणादाखल 20 टक्के धरली तर, डब्यातल्या दर हजार पौंडांपैकी दोन पौंडांहूनही कमी या घोड्यावर होते. महालक्ष्मीला किंवा पुण्याला टोट खेळणाऱ्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको: घोडा फेव्हरिट असेल तर टोट आणि बुकी यांत फारसा फरक पडत नाही, पण कुणाच्याच खिजगणतीत नसलेला घोडा लागला की टोटचा डिव्हिडंड बुकीच्या भावाला कितीतरी मागे टाकतो. एवढे सोडले तर मुंबई-पुण्याच्या अनुभवाचा इथे उपयोग नाही. आपल्याकडच्या शर्यती सपाट मैदानावरच्या, बहुतेक एक ते दोन किलोमीटरच्या आत-बाहेरच्या. तिथे घोडा हरतो तो वेगाने. एन्ट्रीला अनेकदा अर्ध्याहून अधिक घोडे वेगाचा प्रश्न येण्याआधीच बाद झालेले असतात.

खुद्द फॉयनाव्हनच्या माणसांनाही विजयाची आशा नव्हती. ट्रेनर जॉन केम्प्टन त्या दिवशी एन्ट्रीला नव्हता. वूस्टरला थ्री डॉन्स नावाच्या घोड्यावर बसून तिथली शर्यत जिंकत होता. मालक सिरिल वॉटकिन्सही घरीच. बकिंगहॅमच्या आधी इतर जॉकींना विचारून झाले होते. मैदानात फॉयनाव्हनला ओळखले ते समालोचक मायकल ओ’हेहिरने. बीबीसीवर त्या टप्प्याचे समालोचन त्याच्याकडे होते. घोडे पडत असताना तो नावे घेत गेला आणि त्या गर्दीतून कुणाच्याच लक्षात नसलेला एक घोडा बाहेर पडताना त्याने अचूक नाव घेतले. जॉकींच्या 44 रंगीबेरंगी बंड्या शर्यतीआधी पाठ केल्याशिवाय हे जमत नाही. 1984 मध्ये त्या अडथळ्याला अधिकृतपणे फॉयनाव्हनचे नाव दिले गेले.

आता ‘अशा घोड्यावर लावावे का’. एकास शंभर भावाने ग्रँड नॅशनल जिंकणारे पाच झाले आणि ते एका माळेचे मणी नाहीत. टिपरेरी टिम, 1928: 42 धावले. ईस्टर हिरो कॅनॉल टर्नच्या कुंपणावर अडकला, तिथे तेव्हा खंदक होता, आणि मागचा घोळका तिथेच अडला. शेवटी दोनच घोडे पोचले. त्यातला बिली बार्टन शेवटच्या अडथळ्यावर पडून पुन्हा चढवलेला. तो खंदक पुढे बुजवला. ग्रेगलाच, 1929: 66 घोड्यांची आजवरची सर्वांत मोठी रांग, त्यात त्याने दुसऱ्या आलेल्या ईस्टर हिरोला धावून हरवले, हा घोडा खरोखर चांगला होता, भाव फुगला तो केवळ गर्दीमुळे. कॉघू, 1947: दाट धुके, चिखल, 57 घोडे, 20 लेंग्थचा विजय. धुक्यात तो लपून राहिला आणि एक फेरी चुकवली असा आरोप झाला, पण बीचर्सवरच्या दोन फेऱ्यांच्या छायाचित्रांनी तो खोटा पाडला. मग आपला फॉयनाव्हन. आणि 2009 चा मोन मोम: व्हेनेशिया विल्यम्सचा घोडा, लिअॅम ट्रेडवेलची पहिलीच ग्रँड नॅशनल, 12 लेंग्थचा निर्विवाद विजय. तो आदल्या वर्षी याच शर्यतीत दहावा आला होता, म्हणजे मैदान त्याला झेपते हे दिसत होते. 2010 मध्ये तो गोल्ड कपला तिसरा आला. पाचांपैकी दोन दंगलीने जिंकले, एक धुक्यात आणि दोन निखळ गुणवत्तेवर.

या पाचांतून निवडीसाठी काही घ्यायचे असेल तर एवढेच घ्या. लांब भावाच्या घोड्यात वेग शोधू नका, तो असता तर भाव लांब नसता. पाहायचे ते असे: तीन मैलांच्या वर किती शर्यती त्याने पूर्ण केल्या, पडला असेल तर स्वतःच्या चुकीने की दुसऱ्याने पाडल्यामुळे, वजन तळाजवळ आहे का, आणि एन्ट्रीची कुंपणे त्याने आधी पाहिली आहेत का. ज्या घोड्याच्या नावापुढे नकार किंवा जॉकी उडवल्याच्या खुणा वारंवार दिसतात, तो एकास दोनशेलाही महाग. मोन मोम या चाळणीतून गेला असता. टिपरेरी टिम बहुधा नाही.

लावायचेच तर विनवर सगळे न लावता ईच-वे लावावे: अर्धा पैसा विनवर, अर्धा प्लेसवर, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर. 16 किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये नेहमीची अट म्हणजे पहिले चार, विनभावाच्या एकचतुर्थांश दराने. एकास शंभरावर एक पौंड ईच-वे म्हणजे दोन पौंड खर्च. घोडा जिंकला तर विनचे 101 आणि प्लेसचे 26, मिळून 127 हातात. दुसरा ते चौथा आला तर 26. काही बुकी या शर्यतीला पाच-सहा जागा देतात, पण तेव्हा एकचतुर्थांशाऐवजी एकपंचमांश दर लावतात, तेवढे बारीक अक्षरात वाचून घ्या. आणि हेही ध्यानात असू द्या की बारा वेळा हरवलेले दोन-दोन पौंड या एका 26 मध्ये भरून निघतील. पण अशा घोड्यांचा चौथा क्रमांकही वर्षाआड येत नाही.

असे पुन्हा घडू शकते का, याचे उत्तर: घडले आहे. 2001 मध्ये चिखलात, पॅडीज रिटर्न नावाच्या सुट्या घोड्याने कॅनॉल टर्नवर पहिल्याच फेरीत घोळका तोडला. 33 ला 1 चा रेड मरॉडर जिंकला, चारच घोडे पोचले आणि त्यातले शेवटचे दोन पुन्हा चढवलेले होते. आज तेही शक्य नाही, कारण 2009 पासून ब्रिटनमध्ये पडल्यावर पुन्हा चढून शर्यत चालू ठेवायला बंदी आहे. म्हणजे आजच्या नियमांत 1967 ची दंगल झाली असती, तर जॉकी खाली आलेला एकही घोडा परत आला नसता. उलट अशी दंगल होण्याची शक्यताच कमी केली आहे: 1984 पासून जास्तीत जास्त 40 घोडे, 2024 पासून 34; पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेकडे 60 यार्ड सरकवला, म्हणजे पहिल्या उडीवर घोडे कमी वेगाने यावेत; आणि 2013 पासून कुंपणांचा लाकडी गाभा काढून लवचीक गाभा बसवला, त्यामुळे आदळलेला घोडा वाचण्याची शक्यता वाढली. सुट्या घोड्यावर मात्र अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. बाजूने वाट ठेवलेली असते, काही घोडे तिकडे वळतातही. पण पहिल्या अडथळ्यावर जॉकी उडवून अख्खी फेरी कळपाबरोबर पळणारा घोडा 23 व्यासमोर काय करेल, ते 34 घोड्यांच्या शर्यतीतही सांगता येत नाही.